टिकलीची बातमी

४ ऑगस्ट

कात्रीबहाद्दरास,

आत्याचे आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ एक काम. नुसते आशीर्वाद मी कुणाला देत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर तू "हं आत्या, हं आत्या" करतोस आणि मागे तुझ्या पडद्यावर कुणीतरी हुंदके देत असतं. पत्र वाचायला माणसाला एका जागी बसावं लागतं, म्हणून पत्र.

निवृत्तीनंतर दोन वर्षं घरात बसून पाहिलं. जन्मभर कॉलेजात शिकवलेली, सभांमधून बोललेली बाई मी. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची. घरात भिंतींखेरीज श्रोता नाही, आणि भिंती प्रश्न विचारत नाहीत. कोपऱ्यावरच्या शाळेत दुसरीला शिक्षक मिळत नव्हता. जूनपासून मी जाते. सात-सात वर्षांची एकतीस माणसं समोर बसतात. परवा मी रंगात येऊन बोलत होते, तर एकानं मध्येच विचारलं, "बाई, तुमच्या चष्म्याला दोरी का आहे?" मला असं निरुत्तर भल्याभल्या पुढाऱ्यांनी केलं नव्हतं.

आता काम. वर्गातला एक मुलगा रडत आला. मालिकेतला कुत्रा मेला होता. त्याची समजूत घालतेय तोवर दुसरीनं विचारलं, टीव्ही बंद केल्यावर आतली माणसं जेवतात का? बाकीचे हसले नाहीत. त्यांनाही उत्तर हवं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलांवर नाही रे, आपल्यावर. ही पोरं रोज तीन-तीन तास पडद्यापुढे बसतात, आणि ते कोण रांधतं, कशासाठी वाढतं, हे कुणी त्यांना सांगितलेलंच नाही. ताटात काय आहे ते न विचारता जेवणारा माणूस उद्या मतही तसंच देतो. मुलाला अक्षर कळतं त्याच वयात त्याला चित्र कसं जुळवतात हेही कळलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे, आणि माझी मतं ठाम असली की काय होतं ते तू घरात भोगलं आहेस.

तू बारा वर्षं स्टुडिओत बसून कापाकापी करतोस. सात वर्षांच्या माणसाला कळेल अशा भाषेत लिही: हे सगळं करता कसं?

आत्या


११ ऑगस्ट

आत्या,

नमस्कार वाकून केलाय असं समज. खुर्चीतून उठायची मात्र इथे परवानगी नाही. रोजचा भाग रोज गेला पाहिजे.

माझी खोली तू पाहिलेली नाहीस. खिडकी नाही. तीन पडदे, एक मळका सोफा, टेबलावर चहाच्या कपांची गोल गोल नक्षी. दिवस आहे की रात्र, ते चहावाला आला की कळतं.

तुझ्या माणसांना सांग: पडद्यावरचा पाऊस म्हणजे बहुतेक वेळा कढईत काहीतरी तळल्याचा आवाज. आग म्हणजे चकचकीत कागद चुरगाळणं. थोबाडीत मारली की ओला टॉवेल भिंतीवर आपटतात. आमच्या नायिकेच्या टाचांचा टकटक आवाज शेजारच्या खोलीतले काका काढतात. भरघोस मिशा, पोट सुटलेलं, आणि पायात बायकी सँडल. नायिका रागावून गेली की काकांना घाम फुटतो.

आणि माझं काम म्हणजे टाकणं. एखादा माणूस तासभर मुलाखत देतो, त्यातली आठ मिनिटं पडद्यावर जातात. त्याचं खोकणं, अडखळणं, "अं", "म्हणजे", पाण्याचा घोट, छताकडे बघून विचार करणं, सगळं मी काढतो. उरतो तो माणूस आयुष्यात कधी विचारात पडलेलाच नसतो. आमचे साहेब म्हणतात, बघणाऱ्याचा अंगठा रिमोटवर असतो. पडद्यावरचा माणूस थांबला की अंगठा हलला. बारा वर्षं हेच केल्यानं मला आता घरीही कुणी थांबलेलं सोसत नाही. आई भाजीवाल्याशी बोलते तेव्हा मी मनातल्या मनात तिची निम्मी वाक्यं उडवतो.

नुसतं सांगून मुलांना पटणार नाही. त्यांना करू दे. शाळेचं बातमीपत्र काढ. प्रत्येकानं एक बातमी सांगायची. ऑफिसातला जुना छोटा कॅमेरा सोबत पाठवतोय. आतलं कार्ड मात्र जपून परत पाठव, ते ऑफिसचं आहे. जोडून मी देतो.

तुझा
(कात्री म्हटलंस तर कात्री)


९ सप्टेंबर

कात्रीबहाद्दरा,

कार्ड पाठवते आहे. चिमटीत धरवत नाही एवढीशी चिप, आणि तिच्यात माझा अख्खा वर्ग.

आधी वार्ता ऐक. ओल्या टॉवेलचा धडा मी वर्गात घेतला ही माझी चूक. दुपारपर्यंत शाळेच्या सगळ्या भिंतींना थोबाडीत बसल्या होत्या, आणि हेडमास्तर शिपायाला विचारत होते की नळ कुठे फुटला. एक मुलगा घरी जाऊन मालिका बघत रडणाऱ्या आजीला म्हणाला, "आजी, रडू नको, तिच्या डोळ्यात औषध घातलंय." आजी दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. "बाई, रोज अर्धा तास रडायचं सुख होतं, तेही काढून घेतलंत." मी तिला प्रश्न विचारण्याच्या हक्कावर बरंच सुनावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, तुमचं बोलणं छान आहे, टीव्हीवर का नाही जात?

फळ्यावर मी एक प्रश्न कायमचा लिहून ठेवलाय: *कापलेल्या जागी काय होतं?* काहीही पाहिलं की मुलं हाच प्रश्न विचारतात. हेडमास्तरांच्या भाषणानंतरही विचारला.

बातमीपत्रासाठी कुणी पुढे यायला तयार होईना, म्हणून कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला आणि ज्यानं त्यानं आपापल्या बाकापाशी उभं राहून बातमी सांगितली. नळ दुरुस्त झाल्याची बातमी आहे. दातपड्याचा दुसरा दात पडल्याची आहे, पुराव्यासह. आणि शाळेच्या मांजरीला पिल्लं झाल्याची आहे. ती टिकलीची.

टिकली म्हणजे वर्गातली सगळ्यांत लहानखुरी मुलगी, म्हणून टिकली. बापाचं समोरच्या रस्त्यावर केस कापायचं दुकान आहे. आई नाही. बुद्धीनं तल्लख, पण बोलताना शब्द अडतो. तोंडाशी येऊन थांबतो तो थांबतोच. वर्गाची एक रीत आहे, मी यायच्या आधीपासूनची: टिकलीचा शब्द अडला की तो कुणी पुरवायचा नाही. सगळी हनुवटीखाली मुठी ठेवून वाट बघतात. मी पहिल्या आठवड्यात दोनदा पुरवला, तर पहिल्या बाकावरच्या बोबडीनं मला दटावलं, "बाई, तो तिता तब्द आहे."

रीत चांगली आहे. पण तिची एवढीशी बातमी बाकी सगळ्या बातम्यांहून लांबली आहे. पालक येणार, त्यांना ही रीत ठाऊक नाही. कुणी हसलं तर मला ते खपायचं नाही. तेव्हा तिचं जरा बघ. मी काय म्हणते ते तुला कळतंय.

आत्या


२० सप्टेंबर

आत्या,

झालं. पेन ड्राइव्ह पाकिटात आहे. शाळेच्या टीव्हीला मागून लाव, लागेल.

नळाची बातमी छान. दात तर राष्ट्रीय पातळीवरचा. पण मी खरा बसलो तो टिकलीबरोबर. मालिकेचे दोन भाग उशिरा गेले, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या, पण सोडलं नाही. ती अडते तिथे नुसतं कापलं असतं तर चित्र ठेच लागल्यासारखं उडालं असतं. मागची मुलं एकदम इकडची तिकडे झाली असती. म्हणून मी चौकट आवळत नेली, फक्त तिचा चेहरा ठेवला. दोन ठिकाणी तू घेतलेलं मांजरीचं चित्र वर टाकलं आणि खालून आवाज जोडला. "मांजरीला" या शब्दाचा पहिला तुकडा एका प्रयत्नातला आहे, उरलेला दुसऱ्या प्रयत्नातला. कुणाच्या बापाला सांधा दिसणार नाही.

आता ती पाण्यासारखी बोलते. इतकं नाजूक काम मी आजवर केलेलं नाही, आणि केलं ते एका मांजरीसाठी. शेवटी पुरस्कार मांजरीलाच मिळेल.

ती बघून काय म्हणते ते कळव. माझा तिच्यावर जीव जडलाय.

तुझा


२ ऑक्टोबर

कात्रीबहाद्दरा,

तुझ्या हातांना सोन्याचं कडं घालायला हवं.

शनिवारी पालकांना बोलावलं. मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले आईबाप, आणि भिंतीला टेकून उभे असलेले बाकीचे. सगळ्या बातम्या झाल्या. मग टिकली आली. "आपल्या शाळेच्या मांजरीला तीन पिल्लं झाली. एक पांढरं, एक काळं, आणि एकाचं अजून ठरलेलं नाही." इतकं सहज, इतकं स्वच्छ! खोलीत हशा पिकला, आणि तो तिच्या विनोदाला होता. तिचा बाप दाराशी उभा होता, दुकानातून तसाच आलेला, शर्टावर गिऱ्हाइकांचे केस. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संपल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, मला हे मिळेल का?" मी पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला.

मुलं जरा गप्प होती. पडद्यावर स्वतःला पाहून बुजली असतील. दातपड्यानं विचारलं, "बाई, टिकली थांबते ते कुठे गेलं?" अगदी योग्य प्रश्न! मी त्यावरच पंधरा मिनिटं बोलले: संकलन म्हणजे काय, निवड म्हणजे काय, कात्री धरणाऱ्याच्या मनात काय असतं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मुलांना घरचा अभ्यास दिलाय, आपल्या बातमीत कापलेल्या जागी काय होतं त्याचं चित्र काढा.

टिकली काय म्हणाली, ते तू विचारलं होतंस. काही म्हणाली नाही. भारावली असावी.

आत्या


१८ नोव्हेंबर

बाळा,

दीड महिना लिहिलं नाही. लिहिण्यासारखं जे होतं ते मला दिसत नव्हतं, आणि दिसायला लागलं तेव्हा लिहवेना.

टिकली बोलायची थांबली आहे.

आधी मला वाटलं सर्दी. मग वाटलं, रुसली असेल. हजेरीला हात वर करते. गणित सोडवून वही पुढे ठेवते. विचारलं तर मान हलवते. वर्ग मुठी हनुवटीखाली घेऊन थांबतो, आणि ती सगळ्यांकडे बघून खाली बसते. आता मुलांनी थांबणंही सोडलंय. कुणाची वाट बघायची?

परवा तिच्या बापाच्या दुकानावरून गेले. दोन खुर्च्या, भला मोठा आरसा, आणि आरशाच्या वर टीव्ही. टीव्हीवर टिकली. मांजरीला तीन पिल्लं झाली. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. खुर्चीतला माणूस गळ्याभोवती कापड बांधून घेत म्हणाला, वा, पोरगी काय बोलते, आणि बाप मान उंच करून केस कापत होता. आरशातही टिकली, वरही टिकली. खरी टिकली कुठे आहे, असं मी विचारलं. म्हणाला, हल्ली दुकानात येत नाही, मागच्या खोलीत बसते. मग हौसेनं सांगू लागला, की घरी ती अडली की तो टीव्ही लावतो आणि म्हणतो, "हे बघ, येतंय ना तुला? मग आत्ताच काय होतं?" मारत नाही, ओरडत नाही. प्रेमानं म्हणतो.

घरी येऊन मी ती चित्रं काढली, घरच्या अभ्यासाची. बाकीच्यांनी दिवे काढलेत, कॅमेरा काढलाय, माझा चष्मा काढलाय दोरीसकट. टिकलीनं बाकं काढली आहेत, ओळीनं. प्रत्येक बाकावर मुलं, प्रत्येकाच्या हनुवटीखाली मूठ, आणि एवढाले डोळे. तेव्हा मला वाटलं होतं, मुलं कंटाळून बसलेली दाखवली आहेत. मी खाली लाल शाईनं लिहिलं होतं, "सुरेख! पण कापलेलं काय, ते दाखव."

तिनं दाखवलं होतं रे. वर्गात तेवढ्या एकीला माझा धडा समजला होता.

तू कापलंस, आणि मी त्यावर टाळ्या घेतल्या. आता एकच उपाय सुचतो. मूळ चित्रण पाठव. न कापलेलं, जसंच्या तसं. मी ते पालकांना दाखवीन, दुकानात लावीन, गावभर दाखवीन. तिनं स्वतःला थांबताना पाहायला हवं, आणि थांबल्यावर कुणी उठून गेलं नाही हेही पाहायला हवं.

उलट टपाली पाठव.

आत्या


२६ नोव्हेंबर

आत्या,

पत्र पोचलं. वाचून फार वाईट वाटलं. सध्या इथे धावपळ आहे, मालिकेत लग्न लागतंय आणि वधू बदलली आहे. जुनं सामान कुठे ठेवलंय ते बघावं लागेल. शोधतो.

तब्येतीला जप.

तुझा


६ डिसेंबर

बाळा,

शोधतो म्हणालास, त्यावर मी विसंबले.

वर्गात सांगून टाकलं: आपलं खरं बातमीपत्र येणार आहे, एक क्षणही न कापलेलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, एक वाक्य सांगायला गेले आणि भाषण झालं. मुलं बाकांवर उभी राहिली. टिकली उभी राहिली नाही, पण मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली आणि कॅमेरा असायचा त्या जागेवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "हो, येणार." ती हसली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. त्या दिवसापासून रोज सकाळी येते, त्याच जागेवर बोट ठेवते, आणि मी म्हणते, "अजून नाही."

तुझ्या मालिकेतली वधू बदलली काय, आणि वर घोड्यावरून पडला काय, मला सोयरसुतक नाही. एक चिप शोधायला किती दिवस लागतात? तुझ्या आईलाही विचारलं, ती म्हणाली तू जेवत नाहीस नीट. काय लपवतोयस?

आत्या


१५ डिसेंबर

आत्या,

मूळ चित्रण नाही.

ज्या दिवशी तुला पाकीट पाठवलं, त्याच संध्याकाळी मी कार्ड कोरं केलं. दुसऱ्या दिवशी ते साखरपुड्याच्या दृश्यासाठी लागणार होतं. आमच्याकडे रीतच आहे, काम पोचतं झालं की कच्चा माल पुसायचा. मशीनमधलाही पुसायचा, नाहीतर जागा पुरत नाही. "शोधतो" लिहिलं तेव्हाही मला हे माहीत होतं. तू मुलांना सांगशील हे मात्र माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं.

तू लिहिलं होतंस, "तिचं जरा बघ." मी ते तुझ्या गळ्यात घालत नाही. वाचून मला आनंदच झाला होता. तेवढं एकच तर मला येतं.

पण एक गोष्ट सांगतो. जे टाकायचं ते कापणारा माणूस सगळ्यांत जास्त वेळा बघतो. कुठून कापू, कुठे सोडू, म्हणून पुन्हा पुन्हा मागे नेतो. ते चित्रण जगात कुणी पुरतं पाहिलं असेल तर मी. म्हणून लिहून देतो. माझ्याकडे एवढंच उरलंय.

ती "आपल्या शाळेच्या" एवढं सरळ म्हणते. मग "म" वर तिचे ओठ मिटतात. मिटलेलेच राहतात. डावा हात बाकाची कड घट्ट धरतो. मागे मुलं आहेत, मुठी हनुवटीखाली. खिडकीकडचा एक आधी बाहेर बघत असतो, तो वळतो आणि तोही मूठ लावतो. कुणी खोकत नाही. मी आयुष्यात एवढी माणसं एका शब्दाची वाट बघताना पाहिली नाहीत. मग कडेनं एक हात चौकटीत येतो, बोट वर केलेला. तो तुझा आहे. तू शब्द सांगणार असतेस. पहिल्या बाकावरची मुलगी न बघताच तुझी बाही धरते आणि हात खाली ओढते. तुला हे आठवत नसेल. हात खाली जातो.

टिकली डोळे मिटते. उघडते. "म" सुटतो, पुन्हा अडतो. मग एकदम सगळा शब्द येतो, "मांजरीला," आणि तिचं तिलाच हसू येतं, आणि मागे सगळी एकदम श्वास सोडतात. तो श्वास आवाजाच्या रेषेवर एखाद्या टेकडीएवढा दिसत होता. मी तो कापला. म्हटलं, गोंगाट आहे.

हे वर्गात वाचून दाखव, किंवा नको दाखवू. तुला योग्य वाटेल ते कर.

तुझा


२८ जानेवारी

बाळा,

तुझं पत्र मी वर्गात वाचलं नाही. टेबलाशी उभी राहिले, पाकीट हातात घेतलं, आणि लक्षात आलं की पुन्हा टिकलीबद्दल मीच बोलणार, आणि छान बोलणार. ठेवून दिलं.

मुलांना सरळ सांगितलं की खरं चित्रण पुसलं गेलं, ते आता कुठेच नाही. एका वाक्यात सांगितलं. मला एका वाक्यात सांगता येतं, हे या वयात कळलं. दातपड्या म्हणाला, "मग परत काढू या." सगळा वर्ग टिकलीकडे वळला. तिनं मान हलवून नाही म्हटलं. रागानं नाही. संपलेल्या खेळाला पोरं जशी नाही म्हणतात, तशी. दुसऱ्या दिवसापासून ती टेबलाशी यायची थांबली.

मग मी दुकानात गेले. वाटेत भाषण जुळवत गेले होते: प्रतिमेची हुकूमत, बापाची जबाबदारी, सगळं. दुकानात एकच म्हातारं गिऱ्हाईक होतं. वर टीव्हीवर मांजरीला पिल्लं झाली होती. मी म्हटलं, हे चित्र जोडलेलं आहे, ती असं बोलली नव्हती, माझ्या भाच्यानं तुकडे सांधले आहेत.

तो कात्री न थांबवता म्हणाला, "मला माहीत आहे बाई. माझी पोरगी मला ठाऊक नसेल का?"

मग हे कशाला, असं मी विचारलं.

त्यानं म्हाताऱ्याच्या कानामागचे केस नीट केले, ब्रशनं मान झाडली. मग म्हणाला, "दिवसभर गिऱ्हाईक असतं. ती दारात उभी राहून काही सांगायला लागते, आणि तिचं वाक्य संपेपर्यंत मी दुसऱ्या डोक्यावर गेलेला असतो. तिचं एवढंच एक वाक्य मी पुरतं ऐकलंय."

मी जुळवलेलं सगळं भाषण तिथल्या केसांत सांडलं. खुर्चीतला म्हातारा आरशातून आम्हा दोघांकडे बघत होता. बापानं कात्री ठेवली, हात वर करून टीव्ही बंद केला, आणि पुन्हा कात्री उचलली. कापताना तिचा एवढा आवाज होतो, हे मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावले असते तर सोपं गेलं असतं, रागात मला शब्द कमी पडत नाहीत. आपण दोघांनी तिला हसण्यापासून वाचवायला घेतलं, आणि ती बोलली त्या वर्गात तिला हसणारं कुणी नव्हतंच. ती मुलं जे रोज, कुणी न शिकवता, करत होती तेच आपण काढून टाकलं, तूही आणि मीही, आणि वर त्याचा धडा घेतला.

आता कालचं सांगते, मग थांबते. शाळा सुटल्यावर मी फाटकाशी उभी होते. रस्त्यापलीकडे टिकलीचा बाप उभा होता, दुकान बंद करून आलेला. पूर्वी कधी येत नसे. घाई करत नव्हता. टिकली त्याच्याकडे निघाली, मध्येच वळली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. दप्तराचा पट्टा तिनं दोन्ही हातांनी धरला. तिचे ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. तू लिहिलं होतंस अगदी तसे. इतक्या महिन्यांनी, आणि माझ्यासाठी.

मला थांबायचं होतं रे. तुझी शपथ, मला फक्त थांबायचं होतं. मुलं घरी गेली होती, बाही ओढायला कुणी नव्हतं, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "मांजर?"

तिनं मान हलवली. तिचा शब्द दुसराच होता. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग रस्ता ओलांडून बापाचा हात धरून गेली.

आत्या